आमच्या घरचं पाणी न पिणारे व्याही

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. हे वाक्य मी देवळीच्या आठवडी बाजारात, भर गर्दीत, तराजूवर हात ठेवून बोलायला तयार आहे. सायकलच्या कॅरिअरवर मेथी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, बांधून मी धंदा सुरू केला आणि आज माझी स्वतःची डाळ मिल आहे. मधल्या काळात मला फसवायला पुष्कळ जण येऊन गेले. ओली तूर वाळलेली म्हणून विकणारे आले, पोत्याच्या तळाशी खडे भरणारे आले, गोड बोलून उधारी मागणारे आले. सगळे जसे आले तसे गेले. फसवलं ते एका माणसानंच, आणि तोही असा की ज्यानं उभ्या आयुष्यात कुणाच्या फुकट चहाचा घोटसुद्धा घेतलेला नाही. दुसरा कुणी असता तर मी त्याला त्याच्या दारात जाऊन ऐकवलं असतं. पण मुलीच्या सासऱ्याशी भांडता येत नाही. म्हणून लिहितो आहे.

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. आमचे इवाई सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. खात्यातून ते निवृत्त झाले, लेखापरीक्षणातून झाले नाहीत. अंगानं काडी, खिशात एक पेन आणि एक शिसपेन्सिल, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत स्वतःचा थर्मास. शिसपेन्सिल बरोबरच्या खुणेसाठी. ही खूण ते कशावरही करतात. वर्तमानपत्रातली बातमी वाचून झाली की बातमीवर खूण. लग्नपत्रिका आली की नावं, तिथी, वार, मुहूर्त पंचांगाशी ताडून पत्रिकेवर खूण. एकदा त्यांच्या घरी जेवायला बसलो होतो, तर विहीणबाई वाढत होत्या आणि हे ताटाकडे बघत पुटपुटत होते, "मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर." मला वाटलं देवाचं काही म्हणतात. ते ताट तपासत होते. कोशिंबीर राहिली होती. ती येईपर्यंत त्यांनी मला घास उचलू दिला नाही.

त्यांच्याशी पहिली गाठ पडली ती सोयरीक जुळवताना. माझी एकुलती एक मुलगी. मुलाकडचे काय मागतील, आपण कुठून सुरू करायचं, कुठं उठून जाण्याचं नाटक करायचं, हे सगळं मी आठवडाभर मनात घोळवलं होतं. मोठ्यानं बोलण्यासाठी समुद्रपूरहून माझा मामेभाऊ आणून ठेवला होता, कारण त्याचा आवाज एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. इवाई आले, बसले, आणि म्हणाले, "आम्हाला काही नको. लग्नाचा खर्च निम्मा निम्मा. पावत्या दोन्हीकडच्या दोघांनीही बघायच्या." संपलं. मी तयार केलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडात तशीच राहिली. मामेभाऊ माझ्याकडे बघायला लागला. काहीतरी बोलायचं म्हणून तो ओरडला, "आमाले हे मंजूर नाई." मी त्याला खाली बसवलं. ज्या सौद्याची इतकी तयारी केली त्यात एक शब्द बोलायची संधी मिळू नये, याला मी फसवणूकच म्हणतो. लग्नानंतर आठवड्यानं इवाई घरी आले आणि मंडपवाल्यानं जास्त लावलेल्या खुर्च्यांचं भाडं परत मिळवून त्यातला माझा निम्मा वाटा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मंडपवाला माझा ओळखीचा होता. आजही तो मला दुरून बघून रस्ता बदलतो.

पुढे एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं गिरडला गेलो. टेकडीवरच्या दर्ग्यात दर्शन घेतलं, उतरताना खाली रेवड्यांची दुकानं लागतात तिथं मी थांबलो. भाव करणं हा माझा श्वास आहे. दुकानदारानं एक सांगितला, मी निम्मा म्हटला, त्यानं कपाळाला हात लावला, मी चालायला लागलो, त्यानं हाक मारली. सगळं कसं रीतीप्रमाणे झालं. मी खुशीत रेवड्या घेऊन गाडीशी आलो, तर इवाई मागे. बराच वेळ आले नाहीत म्हणून परत गेलो. हे त्या दुकानदाराला उरलेले पैसे मोजून देत होते आणि तो ते घ्यायला तयार नव्हता. "मागणी त्यांची होती, कपात तुम्ही केली," इवाई मला शांतपणे म्हणाले. "कपातीला कारण दिसलं नाही." दुकानदार बिचारा माझ्याकडे बघून म्हणाला, "शेठ, यायले घेऊन जा ना. माह्या धंद्याचा टाइम हाये." रेवड्या वर्ध्यापर्यंत मला गोड लागल्या नाहीत.

आता संस्थेचं सांगतो. नाव लिहीत नाही, कारण संस्थेचं नाव कुठं छापायचं तर आधी ठराव घ्यावा लागतो असं इवायांनी बजावून ठेवलं आहे. देवळी आणि समुद्रपूर तालुक्यांतले काही शेतकरी फवारणी न करता भाजीपाला आणि गावरान ज्वारी पिकवतात. संस्था तो माल घेते आणि वर्ध्यात एका मोठ्या दवाखान्याजवळच्या टिनाच्या शेडमध्ये पेशंटच्या नातेवाइकांना भाकर, भाजी, वरण अगदी कमी पैशांत जेवू घालते. स्वयंपाक शेवंताबाई आणि तिच्या बचत गटाच्या बायका करतात. अध्यक्ष आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर गुरुजी, आणि खजिनदार मी. डाळही माझ्याच मिलची. संस्थेचं कार्यालय म्हणाल तर माझ्या ओसरीतलं लोखंडी कपाट.

पुण्याची एक दानशूर मंडळी शेडच्या जागी पक्कं स्वयंपाकघर आणि धान्याचं कोठार बांधून द्यायला तयार झाली. नाहीतर शेडची अवस्था अशी होती की पुढच्या पावसाळ्यात चूल पेटणं कठीण होतं, आणि चूल बंद म्हणजे संस्था बंद. मात्र त्यांनी एक अट घातली. संस्थेचे हिशेब आणि कारभार कुणी जाणत्यानं आधी तपासून अहवाल द्यावा. सभेत सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मी उठून म्हटलं, "आपला माणूस हाये ना. माहे इवाई. रिटायर ऑडिटर. फुकटात करून देतीन." ठराव सर्वानुमते मंजूर झाला. घरचाच माणूस तपासणार, आपण पलंगावर पडून अहवाल ऐकायचा, असा माझा हिशेब होता. बाजारात इतकी वर्षं काढलेल्या माणसानं इतका चुकीचा हिशेब कधी केला नसेल.

"इवाई, आपलीच संस्था हाये. एक नजर टाका," मी फोनवर म्हटलं.

"नजर मी टाकत नाही. तपासतो."

"थेच ते."

"तेच नव्हे," ते म्हणाले. "आणि एक आधीच सांगून ठेवतो. ज्यांची तपासणी असेल त्यांच्याकडचं मी ती संपेपर्यंत काही घेत नाही. चहा नाही, पाणी नाही."

मी हसलो. इवाई आयुष्यात पहिल्यांदा विनोद करताहेत असं वाटून मी जरा जास्तच हसलो.

होळी झाल्यावर ते यायला लागले. वर्ध्याहून एसटीनं देवळीला यायचं, माझ्या ओसरीवर कपाट उघडून बसायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. पहिल्या दिवशी बायकोनं रीतीप्रमाणे तांब्याभर पाणी आणि पेला पुढे ठेवला. त्यांनी हात जोडले, पिशवीतून थर्मास काढला आणि त्याच्या झाकणात स्वतःचं पाणी ओतून प्यायले. बायको तिथंच उभी. आमच्या भागात दारी आलेल्याला आधी पाणी देतात आणि मग कोण कुठला ते विचारतात. मुलीच्या बापानं मुलीच्या सासरचं पाणी पिऊ नये, असं जुने लोक पाळायचे हे ऐकलं होतं. मुलाच्या बापानं सुनेच्या माहेरचं पाणी नाकारलं, तर त्याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो, की सोयरीक मोडली.

आणि वर्ध्याचा उन्हाळा. कावळासुद्धा दुपारी फांदीवर चोच उघडी टाकून बसतो तो उन्हाळा. माझ्या ओसरीच्या कोपऱ्यात मोठा मटका, त्यात वाळा टाकलेला, नुसत्या वासानं माणूस गार व्हावा. त्या मटक्यापासून हातभर अंतरावर इवाई बसायचे. दुपारपर्यंत थर्मास रिकामा व्हायचा. मग ते उठून भर उन्हात बसस्टँडच्या नळावर जायचे, भरून आणायचे. सगळी गल्ली बघायची. बायको आत पदरानं डोळे पुसायची आणि मला म्हणायची, "तुमी काई बोलले असान त्यायले. सांगा ना, काऊन नाई घेत थे आपलं पानी?" मी सांगितलं, तपासणीचा नियम आहे. ती म्हणाली, "असा कोनता नियम राह्यते बाप्पा? वैऱ्याच्या घरचंबी पानी पेते मानूस."

गल्लीनं आपला निकाल लावून टाकला. माझी पोर सासरी नांदत नाही, पुण्याहून परत येते आहे, ही बातमी भाजीबाजारातून फिरून माझ्याच मिलवर मला ऐकवली गेली. पोरगी नवऱ्याबरोबर पुण्यात मजेत. फोन केला तर म्हणाली, "बाबा, मी ऑफिसात आहे, नंतर बोलू." ते 'नंतर' बायकोनं ऐकलं आणि रात्री जेवली नाही. शेवटी समुद्रपूरहून मामेभाऊ आला. येताना नात्यातली आणखी दोन म्हातारी माणसं घेऊन आला. बैठक बसवून समेट करायचा म्हणाला. तिघांनी आधी माझ्याकडचं पाणी ढोसलं, वर चहा घेतला, आणि ओसरीवर इवायांसमोर मांडी घालून बसले.

"काऊन जी इवाई," मामेभाऊ म्हणाला, "पोरीचं काई चुकलं काय?"

"सूनबाईंचं? काहीच नाही," इवाई कागदावरून मान न उचलता म्हणाले. "उत्तम आहेत."

"देन्याघेन्याचं काई राह्यलं काय?"

"ते पूर्ण झालं. पावत्या आहेत."

"मंग यायच्या घरचं पानी काऊन नाई घेत?"

"यांची तपासणी चालू आहे."

तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. असं कुणी माझ्याकडे आजवर पाहिलं नव्हतं. मामेभावानं मला हाताला धरून गोठ्यामागे नेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, "किती खाल्लं?"

"काय खाल्लं?"

"संस्थेचं. मले सांग, मी कोनाले नाई सांगत. भरून टाकू."

त्याला मी काय बोललो ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. पण त्या दिवशी माझी कोंडी माझ्या लक्षात आली. इवाई पाणी का घेत नाहीत याचं कारण सांगितलं नाही, तर माझी मुलगी टाकलेली ठरते. कारण सांगितलं, तर मी चोर ठरतो. गावाला तिसरा अर्थ माहीत नव्हता, आणि तिसरा अर्थ ज्याला माहीत होता तो माणूस माझ्या ओसरीवर बसून पेन्सिलीनं खुणा करत होता. शेडवर गेलो तर शेवंताबाई भाकर थापता थापता म्हणाली, "शेठ, तुमच्या दाळीचं वरन मी रोज दुनियेले वाढतो. कोनी नाई नाई म्हनत. मंग तुमचे इवाई पानीच काऊन नाई पेत? काई हाये काय त्या पान्यात?" बायका पदराआड हसल्या. ज्वारी देणारा एक शेतकरी तर माझ्यासमोरच गुरुजींना म्हणाला, "आमचे पैशे पुढच्या खेपेपासून रोख देजा." मी त्याच्या अंगावर धावून गेलो आणि गुरुजींनी मला धरलं. त्यामुळे उलट त्याची खात्रीच पटली. ही बोंब पुण्यापर्यंत गेली, तर स्वयंपाकघर गेलं, आणि गावात उभं राहायला मला जागा उरणार नव्हती.

मी इवायांना विनवलं. निदान लोकांसमोर ओठाला पेला लावा म्हटलं. "लावायचा आणि प्यायचं नाही?" ते म्हणाले. "ते तर खोटं व्हाउचर झालं."

तपासणीत त्यांनी काय काय उकरलं ते सांगायला हवं. आमची प्रत्येक सभा 'साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते' असा शेवट करायची. त्यांनी सचिवाला विचारलं, "या सभेत चर्चा काय झाली?" सचिव डोकं खाजवत म्हणाला, "चर्चा नाई होत जी. सगळ्यायले पटलेलंच राह्यते." इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशीच लिहून तयार असायचं, म्हणजे सभेत वेळ जात नाही. सह्या सचिव नंतर मोटारसायकलवर फिरून गोळा करायचा, एक वावरात, एक दुकानात, एक कुणाच्या तेरवीच्या पंगतीत. आणि आमचे एक जुने विश्वस्त वारल्यानंतरही सभांना हजर होते, कारण सचिव मागच्या सभेची नावं पुढे उतरवून घ्यायचा. एका ठरावाला तर त्यांचं अनुमोदनही होतं. सचिव म्हणाला, "भला मानूस होता जी. राह्यला असता तं देल्लंच असतं अनुमोदन." इवायांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांच्या दृष्टीनं हा संताप होता.

डाळीवर ते आठवडाभर थांबले. माझी बिलं, मिलची पुस्तकं, त्या त्या दिवसाचा बाजारभाव, सगळं त्यांनी तीनदा ताडून पाहिलं. मी समोर बसून सुपारी कातरत होतो. एका शब्दानं विचारलं नाही की काय निघालं. विचारलं तर घाबरलो असं झालं असतं.

जूनच्या तोंडावर शेडमध्ये सभा झाली. जेवणाची वेळ टळून गेली होती आणि बायका भांडी घासत होत्या. इवायांनी उभं राहून अहवाल वाचला. "खजिनदारांच्या हिशेबात कोणताही अपहार आढळला नाही. पुरवठा केलेल्या डाळीचा दर प्रत्येक वेळी बाजारभावापेक्षा कमी आढळला." मी छाती पुढे काढली. मामेभावाला मुद्दाम बोलावलं होतं, त्याच्याकडे पाहिलं. शेवंताबाईनं भांड्यातून मान वर केली. "तथापि," इवाई म्हणाले. सरकारी कागदात तथापि आला की समजावं. तथापिच्या पुढे सगळं बाहेर आलं. वारलेल्या विश्वस्तांचं अनुमोदन आलं, आदल्या दिवशीची इतिवृत्तं आली, आणि संस्थेला माल विकणारा आणि संस्थेच्या पैशावर सही करणारा माणूस एकच असणं बरोबर नाही हेही आलं. त्यानं खुर्ची सोडावी किंवा पुरवठा. मी ते कसंबसं गिळलं. चोर नाही हे तर सिद्ध झालं होतं. मग त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला. "प्रस्तुत तपासनीस हे खजिनदारांचे व्याही आहेत. सबब या अहवालावर संस्थेने अगर देणगीदारांनी विसंबू नये. बाहेरच्या तपासनिसाकडून खातरजमा करून घ्यावी."

मी उठलो. रागात माझी शाळेची भाषा राहत नाही.

"मंग उन्हाळाभर माह्या घरचं पानी काऊन सोडलं? इवाई हाये म्हून जर तुमचा कागद चालतच नाई, तं मंग पानी पेऊन बसले असते ना. माही बायको रडून राह्यली, गाव मले चोर म्हनून राह्यलं, अन् तुमी आता सांगता का यावर इस्वास नोका ठेवू."

इवायांनी अहवालाची घडी घातली. "पाणी घेतलं असतं तर तपासणी झालीच नसती," ते म्हणाले. "तो दोष टाळता येत होता, तो मी टाळला. तुमचा व्याही असणं हा दुसरा दोष. तो टाळता येत नव्हता." मग घडी पिशवीत ठेवत म्हणाले, "टाळायची माझी इच्छाही नाही."

मी बसलो. गुरुजींनी विचारलं, अहवाल स्वीकारायचा का, आणि संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदा खरी चर्चा झाली. ती दिवेलागणीपर्यंत चालली. मामेभाऊ सभासद नसताना सर्वांत जास्त बोलला.

मग खातरजमा करायला पुण्याहून त्या देणगीदार मंडळींची एक तरुण बाई आली. ती माझ्या ओसरीवर बसली, आल्याआल्या मटक्यातलं पाणी दोनदा मागून प्यायली, बायकोच्या हातचं वांग्याचं भरीत आणि भाकर पोटभर जेवली, आणि कागद चाळून म्हणाली, "काकांच्या अहवालामुळे माझं काम सोपं झालं. त्यांनी लिहिलं तेच मी लिहिते." म्हणजे ज्या कागदावर विसंबू नये असं लिहिणाऱ्यानंच लिहिलं होतं, त्यावरच ती विसंबली, आणि तीही माझ्या घरचं जेवून. गल्लीत कुणी चकार शब्द काढला नाही. स्वयंपाकघर मंजूर झालं. मी पुरवठा सोडला. खुर्ची सोडली असती तर गाव म्हणालं असतं, बघा, सोडावी लागली. आता डाळ तीन ठिकाणची कोटेशनं मागवून घेतात. सगळं नियमात आहे. शेवंताबाई मला बघितलं की ऐकवते, "शेठ, कोटेशनची दाळ शिजत नाई." माझी शिजायची. पण ती माझी होती, एवढाच तिच्यात दोष होता.

त्या बाईचा अहवाल येईपर्यंत तपासणी संपली असं म्हणता येणार नाही, असं इवायांचं म्हणणं पडलं. "तो आला की पहिलं पाणी तुमच्या घरचं," ते म्हणाले होते. अहवाल आला त्याच सुमाराला ते घरात चक्कर येऊन पडले. मूत्रपिंडं दोन्ही थकली होती. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी दवाखान्यात रक्त शुद्ध करून घ्यायचं आणि डॉक्टरांनी ठरवून दिलं तेवढंच पाणी दिवसभरात प्यायचं. माझी मुलगी त्यांना ते बाटलीत मोजून देते. बाटलीवर त्यांनी स्वतः पट्टी लावून आडव्या रेघा मारल्या आहेत, आणि प्रत्येक घोटानंतर डायरीत खूण करतात, असं तिनं फोनवर सांगितलं. मी मग हमालांवर ओरडायला निघून गेलो.

यंदा अक्षय्य तृतीयेच्या आसपास मुलगी आणि जावई त्यांना चार दिवस वर्ध्याला घेऊन आले. दुपारी गाडी करून देवळीला आले. अंगावरचा शर्ट हँगरला टांगल्यासारखा दिसत होता. नेहमीच्या जागी, मटक्यापासून हातभर अंतरावर बसले. बायकोनं मुलीला पाणी दिलं, जावयाला दिलं, मला दिलं, आणि त्यांच्यासमोरून तशीच आत निघाली. सवयच झाली होती, आणि आता तर डॉक्टरांचंही तेच होतं.

"मला कोणी पाणी विचारत नाही का?" इवाई म्हणाले.

मुलगी सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, आजचं तुमचं..."

"आहे. शिल्लक आहे." त्यांनी पिशवीतून बाटली काढून तिला रेघ दाखवली. सकाळपासून त्या उन्हात त्यांनी जेमतेम घसा ओला केला होता. उठून, भिंतीला हात धरत, ते तुळशीपाशी गेले आणि बाटलीतलं होतं नव्हतं ते पाणी तिच्या बुडाशी ओतलं. मग बाटली बायकोपुढे धरली. "त्या रेघेपर्यंत. मटक्यातलं. वर जाऊ देऊ नका."

बायकोनं पाणी ओतलं आणि रेघ ओलांडू दिली नाही. ते भिंतीला टेकून बसले आणि एकेक घोट तोंडात धरून प्यायले. गल्लीतली दोन-तीन माणसं दाराशी येऊन उभी राहिली होती. मी त्यांना हाकललं नाही. बघू दे म्हटलं.

"वाळा टाकून राह्यले वाट्टे अजून," इवाई म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून आमची बोली मी पहिल्यांदा ऐकली. मग डायरी काढून त्यांनी खूण केली.

ते पुण्याला परत गेले. ओसरीतलं कपाट आता नव्या स्वयंपाकघराच्या खोलीत गेलं आहे. सभेत चर्चा होते, पण कुणी तथापि म्हणत नाही. कपाटाच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन दिसतो आणि दुपारच्या एसटीचा हॉर्न वाजला की बायको अजूनही एकदा दाराकडे बघते.

म्हणून व्याह्यांना माझी लेखी मागणी आहे. तुमच्या खात्याचा नियम तुम्हीच मला शिकवलात, की आक्षेप निघाला तर संबंधितानं दोष दुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. माझा आक्षेप असा. ज्या उन्हाळ्यात तुमची मूत्रपिंडं धड होती आणि मटका काठोकाठ भरलेला होता, तो सगळा उन्हाळा तुम्ही माझ्या ओसरीवर तहानलेले काढलात, आणि मग घोट मोजायची वेळ आल्यावर मागून घेतलंत. हा तोटा तुमच्या खाती पडतो की माझ्या, ते मला तुमच्याकडूनच हवं आहे. फोनवरचं उत्तर चालणार नाही. इथं येऊन, बसून द्यायचं, आणि त्या दिवशी बाटलीत जे शिल्लक असेल ते घेऊन यायचं.